तेरावा

मे महिन्यात नागपुरात यीस्टची मनधरणी करावी लागत नाही.
कोमट पाणी कसलं, दुपारी नळच चहा सोडतो.
म्हणून मी पहाटे चारला मैदा मळते,
कूलरच्या वाऱ्यात झाकून ठेवते,
तरी परातीच्या काठावरून मान काढतंच ते.
लक्ष दिलं नाही तर तीन मजले उतरून
अजनी स्टेशनवर जाऊन उभं राहील.

सोमवारी माझी सुट्टी. बाकीचे दिवस
आरक्षणाची तीन नंबरची खिडकी.
लोक खालची बर्थ मागतात,
मी असेल ती देते.
इथे ओट्यावर मात्र माझी मर्जी:

चारांत काटोलच्या संत्र्यांची साल,
मार्चमध्ये गच्चीवर वाळवून बरणीत भरलेली,
खव्यात घोटली की तासाभरासाठी हिवाळा परत येतो.
तिघांत तीळ आणि गूळ.
तिघांत खसखस, वर चारोळी,
महाग झालीय, म्हणून मोजून सात-सात.
उरलेल्या दोघांत भाजलेला जवस आणि साखर.
खालच्या मजल्यावरची रेवा नाक मुरडते,
"हा औषधाचा रोल कोणासाठी करून राहिली, मावशी?"
माझ्यासाठी, बापा. गुडघे माझेच आहेत.

लाटायचं, पसरायचं, वळकटी करायची,
रात्रीच्या गाडीला निघताना अंथरुणाची करतात तशी,
आणि दोऱ्यानं कापायचं.
सुरीनं पोट दबतं.

बारा. तीन ओळी, चार-चार.
रेवानंही मोजले, तिला एकोणिसाचा पाढा येतो.
पंचवीस मिनिटांनी दार उघडलं तर तेरा.
"वेटिंगवाला कन्फर्म झाला," मी म्हणाले,
पण चिमटा हातात हलत होता.

कोपऱ्यात होता तो, जरा तिरपा,
चालत्या गाडीत चढलेल्या माणसासारखा,
सगळ्यांना सरकायला लावून वर गप्प.
आत काय भरलंय, वरून कळेना.

तेवढ्यात सुखदेव निखारे सिलिंडर घेऊन आला,
घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्याला दिला.
पहिल्याच घासाला तो पायरीवर बसला.
"बाई, मोहफुलं टाकली काय वं ह्यात?
माही माय टाकत होती. लाखनीले."
सुट्टे पैसे न घेताच उतरला.
मोहाचं फूल माझ्या घरात कधी आलेलं नाही.

पुढच्या सोमवारचा तेरावा ढोमणे मास्तरांनी खाल्ला.
डोळे मिटून चघळत राहिले,
मग एका बाईचं नाव अर्धं घेऊन थांबले.
बायकोचं नव्हतं.
मी खिडकीत बसणारी बाई,
प्रवासाचं कारण विचारत नाही.

मग एकदा मी हुशारी केली.
स्वतःच तेरा वळले, म्हणजे चौदा निघतील.
बाराच निघाले.
ट्रेवर एक गोल जागा, कोरडी,
तिथलं तूपसुद्धा नेलं होतं कोणी.
रेवा म्हणाली, "त्याले आधी बुक केलेलं आवडत नाही."
दोन सोमवार काही आलं नाही. आम्ही ओव्हनशी
जरा आदरानं बोलू लागलो.

आज आला. मोजले, पुन्हा मोजले, तेरा.
पण बेल वाजली नाही.
रेवा आजोळी भंडाऱ्याला, मास्तर दवाखान्यात,
कुरिअरवालाही आज दुसऱ्याच गल्लीत.
दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा नव्हतं,
सेहेचाळीस डिग्रीत कोण कोणाकडे जातं?

संध्याकाळपर्यंत मी त्याच्याकडे पाह्यलं.
त्यानंही माझ्याकडे पाह्यलं असेल.
एकदा हात पुढे गेला,
मग भीती वाटली: कशाची चव लागेल?
आणि त्याहून मोठी: कशाचीच लागली नाही तर?
जवसाचा एक खाल्ला मुकाट्यानं.
त्याच्यावर स्टीलची वाटी पालथी घालून झोपले.

मंगळवारी खिडकीत एक म्हातारा गोंदियाचं तिकीट मागताना
वाकून म्हणाला, "संत्र्याचा वास येऊन राहिला तुमच्या इथून."
मी त्याला खालची बर्थ दिली. नेमकी एकच होती.

घरी आले. ओट्यावर एक मुंगी नाही.
वाटीला हात लावला.
अजून कोमट आहे.